सधन घरांतील निर्धन

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु ज्यास अन्यायामुळें ती चढणें भाग पडतें, त्याच्या पदरीं वकिलाच्या फीपुरता पैसा असतोच असें नाहीं. अशांस सरकारी खर्चानें वकील मिळतो हें बहुतेकांनीं ऐकलेलें असतें. पण 'तें गरिबांसाठीं, आपल्यासाठीं नव्हे,' असें म्हणून सुशिक्षित कुटुंबें तो विषय तेथेंच सोडतात. ही समजूत कितपत खरी आहे?

मुंबई सरकारनें या प्रश्नाच्या विचारासाठीं १९४९ सालीं न्यायमूर्ति भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली होती. पुढें १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें मोफत कायदेशीर साहाय्याचें ३९-अ हें कलम घटनेंत आलें, १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलांत आला.

या कायद्याच्या १२ व्या कलमांत पात्रतेच्या दोन वाटा आहेत. एक वाट उत्पन्नाची. महाराष्ट्रांत ही मर्यादा वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार रुपये आहे. मीरा-भाईंदरचेंच उदाहरण घ्या. २०११ च्या शिरगणतींत आठ लाखांवर वस्ती असलेल्या या शहरांत लोकलनें मुंबईस नोकरीला जाणारे पगारदार पुष्कळ. तीस हजार मिळविणारा कारकून या मर्यादेबाहेर पडतो. घराचा हप्ता, मुलांची फी, आईचें औषध यांची वजावट कलमांत सांगितलेली नाहीं. ही अडचण खरी आहे.

दुसरी वाट मात्र उत्पन्न विचारीतच नाहीं. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींतील व्यक्ति, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडींतील इसम यांस मिळकतीची अट नाहीं. आमच्या वाचकांनीं यांतील पहिला शब्द पुन्हा वाचावा. ज्या घरांत तीन पुरुष मिळवते आहेत, त्याच घरांतील विधवा आत्याबाईंच्या किंवा धाकट्या सूनबाईंच्या हातीं स्वतःचे म्हणून शंभर रुपयेही नसतात, हें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. पोटगीचा, वारशाचा वा छळाचा प्रश्न उभा राहिला, तर सासऱ्यांची मिळकत तिच्या आड येत नाहीं.

कोणी म्हणतील, सुखवस्तु घरच्या बायकांनीं गरिबांचा वांटा कां घ्यावा? घर सधन असलें म्हणून त्यांतील प्रत्येक माणूस सधन होत नाहीं, हेंच यास उत्तर. शिवाय मागेल त्यास वकील मिळतो असेंही नाहीं. दाव्यांत सकृद्दर्शनीं तथ्य आहे, अशी प्राधिकरणाची खात्री व्हावी लागते.

अर्ज ठाण्याच्या जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य माहिती मिळते. मीरा-भाईंदरला २०२५ पासून स्वतःचें न्यायालयही झालें आहे. उत्पन्नाच्या वाटेनें जाणाऱ्याचें प्रतिज्ञापत्र, अविश्वासास कारण नसल्यास, पुरेसें मानतां येतें. वकिलाची व कोर्टाची फी, नकलांचा खर्च हें सारें सरकार सोसतें.

ही माहिती घरांतील कर्त्या मंडळींनीं आपल्यापाशींच ठेवूं नये. धुणींभांडीं करणाऱ्या बाईंस ती सांगावी. आणि माजघरांत गप्प बसलेल्या आत्याबाईंस तर आधीं सांगावी.