एकलहऱ्याची वीज आणि आपल्या वस्तीचे मीटर

नाशिकरोडच्या वस्त्यांमधल्या आपल्या माणसांना एकलहऱ्याच्या धुराड्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. औष्णिक केंद्राचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली सुरू झाले. ते आता मोडीत निघाले आहेत. १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिलेले २१० मेगावॅटचे तीन संच तेवढे उरले. राख आणि धूर परिसराने सोसला. आता या विजेचा भाव कोण ठरवणार आणि ती कोणाच्या मालकीची असणार, हा प्रश्न आला की आपल्या चळवळीतले वक्ते गप्प बसतात. वीज हा अभियंत्यांचा विषय, आपला नव्हे, असा आमच्यातल्या अनेकांचा समज आहे.

हा समज खुद्द बाबासाहेबांनीच खोटा ठरवला आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी नेमका हाच प्रश्न मांडला: वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? नुसती वीज असून भागत नाही, ती स्वस्त आणि मुबलक हवी. कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. आम्ही जयंतीला घटनाकार बाबासाहेबांची मिरवणूक काढतो. वीजमंत्री बाबासाहेब मात्र ग्रंथांच्या खंडांत पडून राहतात.

आता सरकारने काय केले ते पाहू. १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ ६ जून २००५ रोजी मोडले आणि त्याच्या चार कंपन्या केल्या. निर्मितीला महानिर्मिती, वहनाला महापारेषण, घरोघरी वीज देण्याला महावितरण आणि या तिन्हींच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी. यामागे २००३ चा वीज कायदा होता. स्पर्धा आली की वीज स्वस्त होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. या कायद्याने एक मेगावॅट आणि त्यावरच्या बड्या ग्राहकाला वाटेल तिथून वीज घेण्याची मोकळीक दिली. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्याने बाहेरून वीज घेतली, तर त्याच्या जादा दरातून गरिबाच्या बिलाला मिळणारा आधार तेवढ्याने कमी होतो. त्यावर अधिभार आहे हे खरे, पण तो कमी करा म्हणून उद्योजकांचा रेटा सतत चालूच असतो. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ कायद्यात हा आधार, म्हणजे क्रॉस सबसिडी, कमी करत करत संपवण्याची भाषा होती. २००७ च्या दुरुस्तीने ‘संपवणे’ काढले, ‘कमी करणे’ ठेवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या दुरुस्तीचा जो मसुदा काढला, त्यात कारखानदारीवरचा हा बोजा पाच वर्षांत संपवण्याचे कलम पुन्हा आले. जे दारातून बाहेर काढले ते खिडकीतून आत आणले.

हा बोजा कारखान्यावरून उतरला तर तो कोणाच्या डोक्यावर बसणार? एक हिशेब करून पाहा. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाचा सवलतीचा दर महिन्याला फक्त ३० युनिटपर्यंत आहे. पत्र्याच्या खोलीत ७५ वॅटचा एक पंखा दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट होतात. उरलेल्या तीन युनिटांत दिवा लावायचा, मुलांनी अभ्यास करायचा, मोबाइल चार्ज करायचा. शिवाय झोपडपट्टीत एका मीटरवर दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे असतात. तिघांचे मिळून १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांना वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो. म्हणजे तीन गरीब कुटुंबे एकाच खोक्यात बसली म्हणून श्रीमंत ठरतात! स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे वेगळेच.

महावितरणने १४ एप्रिल २०२१ ते ६ डिसेंबर २०२१ या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांसाठी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना’ राबवली. ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. योजना चांगली होती, तिला नावे ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. पण अट अशी की आधीची थकबाकी नको. ज्याची वीज थकबाकीमुळे तोडली, त्याच्याच घरात अंधार असतो. त्याला ही योजना नव्हतीच.

मंडळ धुतल्या तांदळासारखे होते असे आम्ही म्हणत नाही. गावठाणात दिवे लागले आणि महारवाड्यात खांब यायला वर्षे लागली, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. मोठ्यांच्या विजेच्या चोरीकडे डोळेझाक आणि वस्तीतल्या आकड्यावर धाड, हाही अनुभव आहे. तरीही मंडळात बिंदुनामावली होती. आरक्षणातून आपली मुले लाइनमन झाली, ऑपरेटर झाली, अभियंता झाली आणि त्यांच्या पगारावर घरची पुढची पिढी कॉलेजात गेली. चळवळीच्या अनेक वर्गण्या याच पगारांतून आल्या. फ्रँचायझी कंपनीला बिंदुनामावली लागू नाही. कंत्राटदाराला तर तिचे नावही माहीत नसते. कंत्राटी म्हणून खांबावर चढणाऱ्या पोरांत आपली पोरे आहेत. कायम नोकरीच्या यादीत ती दिसत नाहीत. आम्हाला खासगीकरणाचा पहिला फटका दरवाढीच्या रूपाने बसत नाही, इथे बसतो.

खासगी कंपनी आली की कारभार सुधारतो, या म्हणण्याचा अनुभव काय? भिवंडी २००७ साली टोरंटकडे गेली आणि तिचे उदाहरण सगळीकडे दिले जाते. औरंगाबाद आणि जळगाव २०११ साली फ्रँचायझीकडे गेले, चार वर्षांच्या आत दोन्ही परत आले. नागपूर २०१९ साली परत आले. त्याचे उदाहरण कोणी देत नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातले मालेगाव १ मार्च २०२० पासून कोलकात्याच्या सीईएससीच्या कंपनीकडे आहे. तिथे यंत्रमाग विजेवर चालतो आणि त्यावर मुस्लिम विणकरांची चूल पेटते. मालेगावच्या बिलाचा प्रश्न आपला नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढचा नंबर कोणत्या शहराचा याचा विचार करावा.

एन्रॉन तर महाराष्ट्र विसरला असेल, आम्ही विसरलो नाही. १९९३ चा करार, १९९९ साली दाभोळची वीज, २००१ साली ती परवडत नाही म्हणून मंडळाने घेणेच बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनी अमेरिकेत दिवाळखोर झाली. त्याआधी कॅलिफोर्नियात खुल्या बाजाराचा प्रयोग झाला होता. २०००-०१ मध्ये तिथे दिवे गेले, भाव आकाशाला भिडले आणि टंचाई भासवून पैसा करणाऱ्यांत एन्रॉनचे दलाल होते. बाजार वीज स्वस्त करतो असे मानणाऱ्यांनी सिन्नरलाही जाऊन यावे. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले आणि वीज घेण्याचा करार नाही म्हणून ते वर्षानुवर्षे थंड पडले. भूमिहीनांसाठी तुरुंग भरणाऱ्या दादासाहेब गायकवाडांच्या जिल्ह्यात हे घडले.

४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले, कारण भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या भागांत अदानींच्या कंपनीने समांतर परवाना मागितला होता. सरकारला त्याच दिवशी चर्चेला बसावे लागले आणि संप मिटला. त्या संपात मागासवर्गीय कर्मचारी होते. आमचे पक्ष आणि त्यांचे नाना गट किती होते, ते त्यांनीच सांगावे.

महावितरण दरवाढीचा प्रस्ताव आणते, तेव्हा वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. ती नाशिकलाही होते. तिथे उद्योजकांच्या संघटना वकील आणि आकडेवारी घेऊन येतात. वस्तीतला माणूस येत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. हरकत मराठीत साध्या कागदावर लिहून देता येते. मुदत जाहिरातीत छापलेली असते. वस्तीतल्या प्रत्येक बुद्धविहारात या रविवारी वंदनेनंतर गेल्या तीन महिन्यांची बिले गोळा करा. एका मीटरवर किती बिऱ्हाडे आहेत, कोणाची जोडणी कधी तोडली, कोणाचे मीटर न विचारता बदलले, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या सुनावणीला ही वही घेऊन आपण जाऊ.