झाडीपट्टी रंगभूमी आणि गायक-नटांच्या आवाजावरील ताण : एक विवेचन

प्रस्तावना

धानाची कापणी-मळणी आटोपली की पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानपट्ट्यास झाडीपट्टी असे संबोधले जाते. येथे मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत गावोगावी नाटके होतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र असून गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव परिसरातही या नाटकांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभतो. या रंगभूमीची चर्चा बहुधा कथानक, अर्थकारण व लोकरंजन या अंगांनी होते. परंतु ज्या साधनावर हा सारा डोलारा उभा आहे, त्या नटाच्या गळ्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तोच विचार मांडला आहे.

तुलनेचा मापदंड : वाग्नरच्या भूमिका

रंगमंचीय गायनातील कठीण श्रमांचे उदाहरण म्हणून पाश्चात्त्य संगीतात रिचर्ड वाग्नर (१८१३-१८८३) यांच्या संगीतिकांतील भूमिकांचा उल्लेख केला जातो. त्यांच्या 'ट्रिस्टान आणि इसोल्डे' या संगीतिकेत सुमारे चार तासांचे संगीत आहे. गायकाला मोठ्या वाद्यवृंदापुढे ध्वनिक्षेपकाविना गावे लागते. १८७६ मध्ये बायरॉइट येथे उघडलेल्या नाट्यगृहात वाद्यवृंद रंगमंचाखालील झाकलेल्या खळग्यात बसविण्यात आला. परिणामी वाद्यांचा नाद मंद होऊन गायकाचा आवाज वर राहतो.

एकटा गळा एवढ्या वाद्यांना पुरून उरतो, तो केवळ जोराने नव्हे. वाद्यवृंदाची ध्वनिऊर्जा दर सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या आसपास सर्वाधिक असते व त्यापुढे घटत जाते. प्रशिक्षित पुरुष गायक स्वरयंत्राच्या वरच्या पोकळीची विशिष्ट ठेवण साधून ३००० कंपनांच्या आसपास आवाजाला धार आणतो. तेथे वाद्यांचा नाद क्षीण असल्याने आवाज वेगळा ऐकू येतो. स्वीडिश शास्त्रज्ञ योहान सुंडबेरी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गुणाचे सविस्तर विश्लेषण केले. गायिका उंच स्वरांत मुख व जबडा अधिक उघडून मुखपोकळीचा अनुनाद स्वराशी जुळवतात. तात्पर्य, येथे बळापेक्षा अनुनादाची युक्ती अधिक कामी येते.

मराठी परंपरा

मराठी रंगभूमीलाही हा प्रश्न अपरिचित नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले. बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर यांनी ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात मोठी नाट्यगृहे आपल्या गळ्याने भरून टाकली. रसिकांच्या 'वन्समोअर'मुळे एकच पद पुनःपुन्हा गावे लागे आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. तथापि तेथे ऑर्गन, सारंगी, तबला अशी मोजकी साथ असे व ती गायकाच्या मागे चाले. गळ्यावरील भार वाद्यांच्या गजरापेक्षा प्रयोगाच्या लांबीमुळे येत असे.

झाडीपट्टीतील दंडार व खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांतही उघड्यावर उभ्याने गाण्याची परंपरा आहे. मात्र तेथे झीलकरी ओळ उचलून धरतात आणि मुख्य गायकाला श्वास घेण्यास अवसर मिळतो. गळा राखण्याची ही लोकपरंपरेतील सहज व्यवस्थाच म्हणावी लागेल.

झाडीपट्टीतील विशेष स्थिती

आजच्या झाडीपट्टी नाटकात ध्वनिक्षेपक आहे. तेव्हा ताण संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदविले. उघड्या मंडपात हजारोंची गर्दी, वाद्यांचा दणदणाट व प्रेक्षकांकडे तोंड केलेले कर्णे असताना नटाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येईलच असे नाही. मग ध्वनिक्षेपक असूनही तो ओरडतो. शिवाय त्याला केवळ गायचे नसते. आक्रोश, गर्जना, विनोद, नृत्य आणि लगेच पद, असा क्रम रात्रभर चालतो. हिवाळ्याची थंड हवा, धूळ, जागरण व प्रवास यांची त्यात भर पडते.

स्वरतंतूंचे काम आकड्यांत पाहिल्यास या श्रमांची कल्पना येते. स्त्रीच्या बोलण्यात स्वरतंतू दर सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात. म्हणजे एकूण एक तासाच्या उच्चारात ही संख्या ७ लाख २० हजार होते. आवाज चढवला की प्रत्येक आघात तीव्र होतो. सूज उतरण्यास विश्रांती न मिळाल्यास स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात व आवाज कायमचा घोगरा होण्याचा धोका निर्माण होतो.

येथेच दोन्ही परंपरांतील खरा भेद दिसतो. वाग्नरची चार भागांची 'निबेलुंगची अंगठी' सादर करताना बहुधा मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवतात. बायरॉइटला दोन अंकांमध्ये सुमारे तासाभराचे मध्यंतर असते. झाडीपट्टीतील कलावंताचा हंगाम मात्र मोजक्या महिन्यांचा असतो. त्यात रात्र चुकली की मोबदला चुकतो. म्हणून घसा बसलेला असतानाही तो उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचा गौरव झाला. पण सामान्य कलावंताच्या गळ्याला अद्याप कोणताही आधार नाही.

उपाय

उपाय खर्चिक नाहीत. नटाकडे वळवलेला एक लहान कर्णा रंगमंचावर ठेवल्यास ओरडण्याची गरज घटते. प्रयोगापूर्वी मंद स्वरात गळा तापवणे, वारंवार पाणी पिणे, प्रयोगानंतर मौन पाळणे व कुजबुजणेही टाळणे हितावह ठरते. तंबाखू व मद्य वर्ज्य करणे आवश्यक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. लेखकांनी आक्रोशाच्या प्रवेशालगत अवघड पद घालू नये, आणि मंडळांनी मोठ्या भूमिकेसाठी पर्यायी नट तयार ठेवावा. परिसरातील महाविद्यालयांना हंगामापूर्वी आवाज-जोपासनेची शिबिरे घेता येतील.

निष्कर्ष

वाग्नरचा गायक मोठा आवाज कमावतो व तो राखून वापरतो. झाडीपट्टीचा नट आपला आवाज हंगामभर खर्च करीत राहतो. पहिल्याच्या पाठीशी प्रशिक्षण, नाट्यगृहाची रचना व विश्रांतीची प्रथा उभी आहे, तर दुसऱ्याच्या पाठीशी केवळ हौस आणि गरज. धानाचा शेतकरी पुढच्या पेरणीसाठी बियाणे बाजूला काढून ठेवतो. गायक-नटाच्या गळ्याबाबत तीच दृष्टी या रंगभूमीने स्वीकारणे अगत्याचे आहे.