आरशाला न दिसणारी चरबी

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी देखणेपणाचा बाजार तसा नवा. उपवर मुलगी जाड दिसू नये, मुलाखतीस निघालेल्या तरुणाचे पोट सदऱ्यातून पुढे येऊ नये, ही काळजी मात्र जुनी. पूर्वी उपासतापासांवर निभावे. आता अमरावती-अकोल्याची, ऐपत असल्यास नागपूर-पुण्याची वाट धरली जाते. याची थट्टा करण्याचे कारण नाही. मुलगी पाहावयास आलेल्यांच्या नजरा किती निर्दय असतात, हे वऱ्हाडातील घरोघरी ठाऊक आहे. घातक आहे ती निराळीच समजूत : पोटावरची चरबी शोषून काढली की हृदयाचाही धोका टळला.

अमेरिकेत डॉ. सॅम्युएल क्लाइन यांनी नेमके हेच तपासले. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे १० किलो चरबी शस्त्रक्रियेने काढण्यात आली. १० ते १२ आठवड्यांनी पाहिले, तो रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनचा परिणाम, यांपैकी कशातही म्हणण्यासारखी सुधारणा नव्हती. २००४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कारण उघड आहे. शस्त्रक्रिया त्वचेखालची चरबी काढते. यकृत व आतड्यांभोवतीची, खरा उपद्रव करणारी चरबी जागच्या जागीच राहते.

बारीक माणसाने मात्र यावर हसू नये. त्याच वर्षी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! भारतीय शरीर सडपातळ दिसूनही आतून स्थूल असू शकते. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरांपुढे गेली की डॉक्टर सावध होतात. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते.

गोळ्यांचा मार्गही निर्धोक नव्हे. वजन घटविणारे सिब्युट्रामीन हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढविते असे दिसून आल्याने २०१० साली युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेले; भारतात २०११ साली त्यावर बंदी आली.

तरीही या वाटेवर एक संधी आहे. धडधाकट तरुण एरवी दवाखान्याची पायरी चढत नाही. देखणेपणाच्या ओढीने तो चढतो आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा रक्तदाब व साखर कदाचित आयुष्यात प्रथमच मोजली जाते. तो कागद केंद्राच्या फायलीत न राहता त्याच्या हाती पडावा, आकडा चढा असल्यास त्याला तसे स्पष्ट सांगितले जावे, आणि दर्यापुरास परतल्यावर गावच्या डॉक्टरांनी तो पुढे पाहावा, एवढी व्यवस्था फारशा खर्चाशिवाय होऊ शकते.