शुगर बॉर्डरवर आहे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निपाणीजवळच्या एका खेड्यातील साठीच्या मावशी पायाच्या अंगठ्याची जखम दाखवावयास आल्या. जखम तीन आठवड्यांची, चिघळलेली. उपाशीपोटी रक्तशर्करा २६० च्या घरात. "मावशी, इतके दिवस तपासणी का केली नाहीत?" असे मी किंचित रागानेच विचारले. त्यांनी पिशवीतून घड्या पडलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कागद चार वर्षांपूर्वीचा, माझ्याच दवाखान्यातला. आकडा ११८.

"तुमीच म्हणला हुता न्हवं डॉक्टर, शुगर बॉर्डरवर हाय म्हणून? आमी तर जलमभर बॉर्डरवरच हाय की. काय झालं आमाला?"

मी निरुत्तर झालो. आपल्यापैकी प्रत्येक जण दिवसातून चार-दोन वेळा तरी हे वाक्य उच्चारतो. बोलणाऱ्याच्या मनात इशारा असतो; ऐकणाऱ्याच्या कानी मात्र काय पडते, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता.

'बॉर्डर' हा शब्द इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून घेतला. मूळ अर्थ कड, काठ. आपल्या बायकांनी तो पहिल्यांदा उचलला तो बहुधा साडीसाठी. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागांचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना साडीच्या काठाचे महत्त्व सांगावयास नको. काठ पाहूनच साडी घेतली जाते. या बॉर्डरने कोणाचे वाईट झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा अर्थ परीक्षेचा. 'काठावर पास' हा वाक्प्रचार मराठीचा स्वतःचा. त्याच्याच शेजारी 'बॉर्डरवर सुटला' हा येऊन बसला. पस्तीस गुण मिळालेला मुलगा काठावर का होईना, पासच असतो. घरी पेढे वाटले जातात. ११८ आकडा ऐकून मावशी दवाखान्यातून बाहेर पडल्या, त्या अशाच पास होऊन.

भीती या शब्दात नाही असेही नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि आसपासच्या कित्येक घरांतून 'पोरगा बॉर्डरवर आहे' हे वाक्य रोज बोलले जाते. तेथे शब्द अक्षरशः खरा असतो आणि आईचा जीव टांगणीला लागलेला असतो. पण ती धास्ती पोराची. शुगरच्या वाट्याला तिच्यातले काहीच येत नाही.

राहिली ती आमची बॉर्डर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूरकडे राहिला. माणसे जागची हलली नाहीत, रेषा हलली. गंमत अशी, की या प्रश्नाला आपण कधी 'बॉर्डर' म्हणत नाही. सीमाभाग, सीमाप्रश्न, सीमावासी असे म्हणतो. संस्कृत शब्द निवेदनात गेला, इंग्रजी शब्द दवाखान्यात. रेषा मात्र रोजच्या जगण्यातली. निपाणीचा रुग्ण जसा बेळगावला जातो तसाच कोल्हापूरलाही. कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ साली आरटीपीसीआरचा अहवाल दाखवावा लागला, तेवढे दिवस रेषा टोचली. एरवी बाजार, सोयरीक, दवाखाना सारे काही ती ओलांडूनच चालते. असा माणूस 'बॉर्डरवर' हा शब्द इशारा म्हणून कसा ऐकणार? त्याच्या लेखी तो पत्ता असतो.

आमच्या वैद्यकातील रेषाही काही निसर्गाने आखलेली नाही. उपाशीपोटी रक्तशर्करा १४० झाली तरच मधुमेह, असे पूर्वी मानीत. १९९७ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने ती मर्यादा १२६ वर आणली. दृष्टिपटलाची हानी कोणत्या आकड्यापासून वाढते, हे पाहून. २००३ साली मधुमेहपूर्व अवस्थेची खालची रेषाही ११० वरून १०० वर आली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ती ११० वरच ठेवली. म्हणजे ज्याची साखर १०४ आहे, तो गृहस्थ एका नकाशात अलीकडे आणि दुसऱ्या नकाशात पलीकडे! सीमाभागातल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

तरीही एक फरक आहे, आणि तो मावशींना चार वर्षांपूर्वीच सांगावयास हवा होता. गाव रेषेजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते, रक्तशर्करा राहत नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ही मंडळी सारी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. ज्यांना खास असे काहीच मार्गदर्शन दिले नाही, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहारात व चालण्या-फिरण्यात बदल घडवून आणला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिले. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात या अवस्थेतील माणसे १३ कोटी ६० लाख आहेत. त्यांतल्या किती जणांना आपण 'बॉर्डरवर' म्हणून घरी पाठविले असेल!

मावशींचा अंगठा वाचला. दोन महिने गेले, पण वाचला. त्यानंतर मी तो शब्द सोडला आणि पर्याय शोधू लागलो. 'सीमारेषेवर' म्हटले तर लोक राजकारण काढतात. 'काठावर' म्हटले की पुन्हा परीक्षा. 'शीव' हा चांगला जुना शब्द, पण तो उच्चारताच मुंबईत शिकलेल्या आमच्या मित्रांना शीवचे रुग्णालय आठवते, आणि खेड्यातल्या रुग्णाला शेताच्या बांधावरचे भांडण.

शेवटी 'वेस' हाती लागली. "मावशी, मधुमेह वेशीपर्यंत आलाय, अजून गावात शिरलेला नाही," असे म्हटले की रुग्ण पुढे सरकून बसतो. वेशीशी आलेल्याला आत घ्यायचे की परतवायचे, हे गावाने ठरवायचे असते, एवढे त्याला न सांगता कळते. पुढचा प्रश्न तोच विचारतो, "मग आता काय करायचं?" मग भाताचे, चहातल्या साखरेचे, रोज अर्धा तास चालण्याचे आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासण्याचे बोलणे सोपे जाते. तारीख मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो.

कानडी रुग्णांचे मात्र बरेच दिवस अडले होते. 'गडि' म्हणजे सीमा, पण त्यात पुन्हा तीच अडचण. परवा एका कन्नड डॉक्टरमित्रांनी 'अगसि' हा शब्द सुचविला. उत्तर कर्नाटकातल्या खेड्यांत गावच्या वेशीला हाच शब्द आहे. पुढच्या आठवड्यापासून वापरून पाहणार आहे.