मधुमेहाचे औषध आणि त्यावरील छापील किंमत

कुही तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्याने गोळ्यांचे दोन पत्ते प्रस्तुत लेखकापुढे ठेवले. दोहोंवर औषधाचे नाव मेटफॉर्मिन, मात्रा ५०० मिलिग्रॅम; किमतीत मात्र बरीच तफावत. "यातले खरे कोणते?" असा त्यांचा प्रश्न होता. महाग पत्ता महिनाभर पुरावा म्हणून त्यांच्या वडिलांनी गोळी दिवसाआड घेण्यास प्रारंभ केला होता, हे नंतर बोलण्यात आले.

पत्त्यावरील किंमत ही कमाल किरकोळ किंमत होय. सर्व करांसह यापेक्षा अधिक घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. कमी किमतीत विकण्यास दुकानदाराला कोणतीही आडकाठी नाही.

ही कमाल मर्यादा ठरते कशी? जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये काढलेल्या औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ नुसार राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ती निश्चित करते. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत असलेल्या औषधाच्या, बाजारात किमान १ टक्का वाटा असणाऱ्या सर्व नाममुद्रांची दुकानदारास पडणारी किंमत घेऊन सरासरी काढतात आणि तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवितात. समजा, अशा तीन नाममुद्रा १०, १२ व १४ रुपयांच्या आहेत. सरासरी १२, मर्यादा १३ रुपये ९२ पैसे, कर वेगळा. येथे उत्पादनखर्चाचा हिशेब कोठेही नाही. मर्यादेखाली कोणी किती उतरावे, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेले आहे. म्हणून दोन्ही पत्ते खरेच.

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन ही औषधे सूचीत आहेत. २०२२ मध्ये टेनेलिग्लिप्टिन व इन्सुलिन ग्लार्जिन यांची भर पडली. सूचीबाहेरील औषधाची किंमत उत्पादक स्वतः ठरवितो. बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास तेवढी मनाई आहे. मुळात किंमतच चढी ठेवली असेल, तर हे बंधन ग्राहकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. तेथे स्पर्धाच उपयोगी ठरते. सिटाग्लिप्टिनच्या पेटंटची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली, अनेक उत्पादक पुढे आले आणि भाव उतरले.

तेव्हा तुलना करावयाची ती नाममुद्रेची नव्हे, तर मूळ औषध, मात्रा व गोळ्यांची संख्या यांची. काही पत्ते १० गोळ्यांचे, काही १५ चे असतात. दर गोळीमागे काढावा. हळूहळू विरघळणारी गोळी आणि साधी गोळी एकच समजू नये. बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. 'जेनेरिक' म्हणून मिळणाऱ्या पत्त्यावरही मोठा आकडा छापलेला आढळतो. सवलत किती दिली यापेक्षा शेवटी किती घेतले ते पाहावे. जनऔषधी केंद्रातील दराशी ताडून पाहणे सोयीचे. दुकानात किंमतयादी ठळक जागी लावणे बंधनकारक आहे. पावती मागावी, छापील किमतीहून अधिक आकारणी झाल्यास ती अन्न व औषध प्रशासनाकडील तक्रारीस जोडता येते.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. उपरोक्त सदस्याच्या वडिलांना मेटफॉर्मिन आता प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते व ती ते रोज घेतात. दुसरी गोळी मात्र अद्याप बाहेरूनच आणावी लागते. तिचा दर त्यांचा मुलगा दरमहा दोन दुकानांत विचारतो.