नाइबाचा ‘नायब’ होतो तेव्हा

पंचविशीत ‘ड्यून’ वाचली, तेव्हा माझे सारे लक्ष वाळूतल्या अजस्र किड्यांकडे होते. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ही १९६५ सालची कादंबरी. तिच्यावरचे नवे चित्रपट २०२१ आणि २०२४ साली आले, त्या निमित्ताने मी ती पुन्हा हातात घेतली. या खेपेला किडे बाजूलाच राहिले आणि मी अडकलो तो पदव्यांत. कोण ड्यूक, कोण बॅरन, कोणाच्या नावावर कोणता ग्रह! बँकेत जन्म काढलेल्या माणसाला दुसरे काय दिसणार, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे.

हे साम्राज्य हजारो वर्षांनंतरचे. सिंहासनावर पादशहा शद्दाम चौथा. होय, मूळ इंग्रजीतही ‘पादशहा’च. हर्बर्टने अरबी-फारसीतून शब्द मुक्तहस्ते उचलले आहेत, त्यामुळे बखरी चाळलेल्या मराठी वाचकाला या दरबारात फारसे परके वाटत नाही. पादशहाच्या खाली थोर घराणी. त्यांच्याकडे एकेक ग्रह जहागिरीदाखल. त्यांच्या खाली लहान घराणी, ज्यांचा व्यवहार आपापल्या ग्रहापुरता.

पण या उतरंडीच्या पोटात एक खातेवही दडलेली आहे. चोअम नावाची एक अवाढव्य व्यापारी कंपनी आहे आणि तिच्यात पादशहाचे व थोर घराण्यांचे भाग आहेत. घराण्याचे वजन ठरते ते तिथल्या हिश्श्यावर आणि संचालकपदावर. बॅरन हार्कोनेनचेच पाहा. त्याचा एक पूर्वज भित्रेपणाबद्दल हद्दपार झालेला. घराणे पुन्हा वर आले ते व्हेलच्या फरच्या बाजारात चलाखी करून, आणि पुढे अराकिस या वाळवंटी ग्रहावरच्या मसाल्याच्या पैशावर. हा मसाला विश्वात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. म्हणजे पदवी बॅरनची, पण तारण मसाल्याचे!

हाच अराकिस पादशहा एके दिवशी हार्कोनेनकडून काढून ड्यूक लेटोला देतो. वरून पाहिले तर केवढा सन्मान! आतून मात्र घात. लेटो इतर घराण्यांत लोकप्रिय झालेला असतो आणि पादशहाला तेच खुपत असते. तो हार्कोनेनच्या मदतीला आपलेच सैनिक त्याच्या गणवेशात पाठवतो. बढतीचे पत्र हातात ठेवून माणसाला आडगावी धाडण्याची रीत आमच्याकडेही होती. हर्बर्टने ती ग्रहांच्या मापाने रंगवली, इतकेच.

लेटो मारला जातो. त्याचा मुलगा पॉल वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांत आसरा घेतो. त्यांच्या म्होरक्याला म्हणतात ‘नाइब’. हे पद कोणी वरून देत नाही. जुन्या म्होरक्याला द्वंद्वात मारील तो नवा. पण पॉल आपल्या मित्राला, स्टिलगार नाइबाला, मारायला नकार देतो. वडिलांची अंगठी बोटात घालून तो ड्यूक म्हणून उभा राहतो आणि स्टिलगार त्याच्यापुढे निष्ठेची शपथ घेतो. मित्राचा जीव वाचतो, पण मैत्री वाचत नाही. पुढे पॉलच्याच ध्यानात येते की, समोरचा माणूस आता मित्र राहिलेला नाही, भक्त झाला आहे. शेवटी याच स्टिलगारसाठी तो अराकिसचे गव्हर्नरपद जाहीर करतो.

‘नाइब’ म्हणजे आपला ‘नायब’च. अरबीत त्याचा अर्थ दुय्यम, बदली काम पाहणारा. आपल्या नायब तहसीलदारातला. आपल्या माणसांचा स्वतंत्र म्होरक्या दुसऱ्याच्या हातून पद घेतो आणि खऱ्या अर्थाने नायब होतो. हे वाचताना मी पुस्तक मिटले, कारण मला माझी शाखा आठवली.

आम्ही दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलो. कॅश काउंटरवर शेजारी बसायचो. त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी. मला तो आडनावाने हाक मारी, तीही शिवी जोडून. मी परीक्षा देऊन अधिकारी झालो, त्याने दिली नाही. काही वर्षांनी त्याच्याच शाखेत मी मॅनेजर म्हणून गेलो. पहिल्याच सकाळी तो व्हाउचर घेऊन आला. म्हणाला, “साहेब, एवढं पास करता का?”

“अरे, साहेब काय?” मी म्हणालो. तो नुसता हसला आणि पुढेही ‘साहेब’च म्हणत राहिला. मी फारसा आग्रह धरला नाही. खरे सांगायचे तर, चारचौघांत ते ऐकायला बरे वाटत होते.

कादंबरीच्या अखेरीस पॉल पादशहाच्या मुलीशी लग्न ठरवतो आणि हुंडा म्हणून काय मागतो? पादशहाचे चोअममधले सगळे भाग! आपल्या माणसांना तो पदव्या वाटतो. गर्नी हॅलेकला तर अर्लपद आणि संचालकपदही. त्या गर्दीत एकटी चानी, त्याची फ्रेमेन सखी, विनवते की मला कोणतीही पदवी नको. तरुणपणी तो मला तिचा भाबडेपणा वाटला होता. आता वाटते, त्या दरबारात हिशेब समजला होता तो तिलाच. स्टिलगारचे काय झाले, ते तिने जवळून पाहिले होते.

निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली. खुर्ची गेली, सहीचा अधिकार गेला. यंदा दिवाळीला मी त्या मित्राला फोन लावला. मनात होते, आज तरी शिवी ऐकायला मिळेल.

पलीकडून आवाज आला, “बोला, साहेब.”