खो-खोचें मैदान आणि आमच्या मुली

मंगळागौरीच्या रात्रीं ज्या घरांतून फुगडी, झिम्मा आणि पिंगा पहांटेपर्यंत चालत, त्या घरांतील स्त्रियांस 'खेळ' म्हणजे काय हें कोणीं शिकवावयास नको होतें. लुगड्याचा कासोटा घट्ट खोंवून तासन् तास फेर धरावयाचा, दम तुटूं द्यावयाचा नाहीं आणि ताल चुकूं द्यावयाचा नाहीं, ही तालीम कांहीं लहानसहान नव्हे. परंतु ते खेळ माजघरांतले आणि श्रावणांतल्या कांहीं रात्रींपुरते. उघड्या मैदानावर, चारचौघांच्या देखत, हार-जितीची जोखीम पत्करून खेळणें ही गोष्ट निराळी. माजघरापासून मैदानापर्यंतचें हें अंतर महाराष्ट्रांतील मुलींनीं ज्या खेळांच्या आधारानें काटलें, त्यांत खो-खोची गणना अगत्यानें केली पाहिजे. ता. १९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्ली येथें या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा संपली. तींत स्त्रियांच्या विभागांत भारतानें अजिंक्यपद मिळविलें, आणि त्या संघाची नायिका प्रियांका इंगळे ही पुण्याची होती. तेव्हां या खेळाविषयीं चार शब्द आमच्या वाचकांपुढें मांडणें आम्हांस उचित वाटतें.

पुण्याशीं असलेलें नातें

खो-खो मुळांत खेड्यापाड्यांतला खेळ. त्यास ना चेंडू लागतो ना काठी. दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि धांवणारे पाय एवढेंच त्याचें भांडवल. अशा खेळास रीतसर नियमांत बसविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्यांत झाला. १९०६ सालीं डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली आणि १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम प्रथम लिहून काढण्यांत आले. पुढें बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें व त्यामागून अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें त्यांत सुधारणा केल्या. १९२४ सालीं पुण्यांतच महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना होऊन व्यायामप्रसाराच्या कार्यास आणखी एक भक्कम आधार मिळाला. देशी खेळ हा राष्ट्रीय शिक्षणाचाच एक भाग होय, अशी त्या पिढीची श्रद्धा होती.

पुरुषांची पहिली अखिल भारतीय स्पर्धा १९५९-६० सालीं विजयवाडा येथें भरली. स्त्रियांची स्पर्धा त्यानंतर लवकरच, १९६१ सालीं, आपल्या कोल्हापूर शहरांत झाली. हा अवधि फारसा नाहीं हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. कित्येक खेळांत स्त्रियांस पुरुषांमागून अर्धें शतक तिष्ठत रहावें लागलें. खो-खोंत तसें घडलें नाहीं. खो-खोंतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० सालीं सुधीर परब यांस मिळाला, आणि लगेच पुढील वर्षीं अचला देवरे यांनीं तो मिळविला.

खेळाचें मर्म

ज्यांनीं शाळेंत हा खेळ खेळून सोडून दिला, त्यांस त्यांतील बुद्धीचा भाग बहुधा विसरावयास झालेला असतो. रूढ पद्धतींत मारणाऱ्या पक्षाचे नऊ गडी मैदानांत उतरतात. पैकीं आठ जणी मधल्या पाटीवरील चौकांत, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात. नववी पाठलाग करते. पळणाऱ्या पक्षाच्या तिघी-तिघी एकेका तुकडीनें आंत येतात. पळणारीस कोठूनही वाट मोकळी आहे. ती बसलेल्या दोघींच्या मधून खुशाल निसटूं शकते. पाठलाग करणारीस मात्र एकदां धरलेली दिशा सोडतां येत नाहीं, मधली पाटी ओलांडतां येत नाहीं, आणि बाजू बदलावयाची झाल्यास खांबाला वळसा घालावा लागतो.

म्हणजे एकीकडे सर्व मोकळीक आणि दुसरीकडे सर्व बंधनें! या बंधनांतून सुटण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे 'खो' देणें. बसलेल्या गड्याच्या पाठीस हात लावून स्पष्ट 'खो' म्हणावयाचें आणि तिची जागा आपण घ्यावयाची. आपण दमून भागून जिला हातभर अंतरावर आणलें, तिला टिपण्याचा मान क्षणार्धांत दुसरीच्या स्वाधीन करावयाचा, हें या खेळाचें खरें मर्म आहे. जी मुलगी 'मीच बाद करीन' या हट्टानें धांवत सुटते तिचा पक्ष हरतो. जी योग्य क्षणीं खालीं बसते तिचा जिंकतो. उलटपक्षीं, पळणारीचें काम वेळ खाण्याचें. साखळी धरून बसलेल्या गड्यांमधून वळणें घेत राहणें, खांबाजवळ हुलकावणी देणें, पाठलाग करणारीचा खांदा कोणत्या बाजूस झुकतो हें ओळखणें, यांत पायांइतकेंच डोळे आणि डोकें लागतें.

दोन मोसमांची कहाणी

आतां अलीकडील दोन मोसमांकडे वळूं. २०२२ सालच्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत पुण्यानजीक बालेवाडीच्या शिवछत्रपति क्रीडासंकुलांत 'अल्टिमेट खो-खो' या नांवाची पहिली व्यावसायिक साखळी स्पर्धा झाली. सहा संघ, भरपूर दिवे, दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण आणि खेळाडूंस रोख मानधन, असा तो थाट होता. मातीवर वाढलेला खेळ गादीवर आला. अखेरच्या सामन्यांत ओडिशाच्या संघानें तेलुगु योद्धाज संघाचा ४६-४५ असा अवघ्या एका गुणानें पराभव केला. खो-खोस असे दिवस आलेले पाहून कोणाही पुणेकराचा ऊर भरून यावा. परंतु त्या सहा संघांत एकही संघ स्त्रियांचा नव्हता. पुढें २०२३ च्या अखेरीस कटक येथें सुरू झालेला दुसरा मोसमही केवळ पुरुषांचाच झाला. गुण कमी म्हणून ही वगळणूक झाली असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. कारण त्याच २०२२ सालीं गुजराथेंत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत महाराष्ट्राच्या पुरुषांप्रमाणें स्त्रियांनींही खो-खोचें सुवर्णपदक आणलें होतें.

दुसरा मोसम दिल्लीच्या जागतिक स्पर्धेचा. तेथें पुरुषांचे २० आणि स्त्रियांचे १९ संघ एकाच छपराखालीं खेळले. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या आणि गुणांची नवी मोजणी असल्यामुळें आंकडे मोठे दिसतात, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. भारतीय स्त्रियांनीं पहिल्या सामन्यांत दक्षिण कोरियास १७५-१८ असें हरविलें. त्यानंतर इराण, मलेशिया आणि बांगला देश यांचा पाडाव करून त्या उपांत्य फेरींत आल्या व तेथें दक्षिण आफ्रिकेस ६६-१६ असें नमविलें. ता. १४ पासून १९ पर्यंत रोज एक, असे सहा सामने सहा दिवसांत झाले.

अंतिम सामना नेपाळशीं झाला. पहिल्या पाळींत भारतानें ३४ गुण मिळविले. दुसऱ्या पाळींत नेपाळच्या मुलींनीं जोराचा प्रतिहल्ला करून २४ गुण काढले व सामना अटीतटीचा होणार असा रंग दिसूं लागला. परंतु तिसऱ्या पाळींत भारताचा गुणांक ७३ वर गेला आणि शेवटीं ७८-४० असा निकाल लागला. नेपाळचे ते ४० गुण आम्हांस विशेष आशादायक वाटतात. ज्या खेळांत एकच देश सर्वांस लीलया हरवितो त्या खेळाचें जगांत फारसें वजन पडत नाहीं; तुल्यबळ प्रतिस्पर्धी निर्माण होणें हेंच खेळाच्या वाढीचें लक्षण होय.

आयर्लंडांतील एक दाखला

या संदर्भांत आयर्लंड देशांतील 'कॅमोगी' या खेळाचें उदाहरण बोधप्रद आहे. वांकड्या टोंकाची काठी आणि लहान चेंडू घेऊन खेळावयाचा 'हर्लिंग' हा तेथील पुरुषांचा पुरातन खेळ. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ भरांत असतां, १९०४ च्या सुमारास त्या चळवळींतील स्त्रियांनीं या खेळास आपल्या सोयीचें रूप दिलें, नियम बांधले आणि स्वतःची संस्था काढली. आपल्याकडे डेक्कन जिमखाना निघाला त्याच्या केवळ दोन वर्षें आधींची ही गोष्ट. १९३२ पासून त्यांची अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली.

तथापि संस्था स्त्रियांची असली म्हणून जुने आग्रह आपोआप सुटतात असें नाहीं. कॅमोगी खेळणाऱ्या मुलींनीं घागऱ्याच्या घाटाचाच पोषाख घातला पाहिजे असा नियम शतकाहून अधिक काळ टिकला. खेळाडूंनीं गैरसोयीची तक्रार वारंवार केली, सामन्यापूर्वीं उघड निषेधही केला. तेव्हां कोठें मे २०२५ मध्यें त्यांच्या संस्थेनें प्रचंड बहुमतानें आंखूड विजारीची मोकळीक दिली. आमच्याकडील मुली लुगड्यांतून परकर-पोलक्यांत आणि तेथून आजच्या सुटसुटीत पोषाखांत आल्या, तेव्हां घरोघर झालेली कुरबूर ज्यांनीं ऐकली असेल, त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं. पोषाखाचा निवाडा अखेर धांवणारीच्या सोयीवर सोंपवावा, हाच दोन्ही देशांचा अनुभव आहे.

प्रश्न घरचा आहे

मुलींच्या खेळाचा खरा निकाल मैदानावर न लागतां घरांत लागतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. शाळेंत खो-खो खेळणाऱ्या मुली पुष्कळ. दहावीच्या वर्षीं त्यांतील निम्म्याहून अधिक गळाल्या तर शिक्षकांस नवल वाटत नाहीं. सरावाची वेळ तिन्हीसांजेची. तीच घरांत शिकवणीची आणि स्वयंपाकाची. एकत्र कुटुंबांत मुलास 'खेळून ये' म्हणतात आणि मुलीस 'लवकर ये' म्हणतात. एवढ्या एका शब्दाच्या फरकानें कित्येक चांगल्या खेळाडू लोपून जातात.

पालकांच्या शंका सर्वस्वीं निराधार आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. सूर मारतांना गुडघे-कोपर सोलवटतात, काळोख पडल्यावर परतण्याची काळजी असते, आणि अभ्यास मागें पडेल ही धास्ती तर प्रत्येक आईस असते. परंतु यांवर उपाय आहेत. एका आळींतील चार-पांच मुलींनीं मिळून जावें व आळीपाळीनें एका वडील माणसानें त्यांस आणावें, म्हणजे परतण्याची चिंता मिटते. राहतां राहिली प्रकृति. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या अंगीं पुरेसें रक्त नाहीं असें आढळलें. सुखवस्तु घरांनीं हा आंकडा दुसऱ्यांचा म्हणून सोडून देऊं नये. मुलगी मैदानांतून भुकेली येते, तेव्हां तिच्या पानांत पालेभाजी, उसळ, दूध व नाचणीची भाकर पडली तर तो प्रश्न निम्मा सुटेल. न खेळणारी मुलगी पानावर बसून नुसती चिवडाचिवड करते हें कोणत्या आजीस ठाऊक नाहीं?

अर्थार्जनाचा विचारही आतां गैरलागू राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत शासकीय नोकऱ्यांत गुणी खेळाडूंसाठीं शेंकडा ५ जागा राखून ठेवलेल्या आहेत. धाराशिव जिल्ह्यांतील सारिका काळे हिनें २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत भारतीय स्त्रियांच्या संघाचें नेतृत्व करून सुवर्णपदक आणलें आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळविला. तरीही एक उणीव आम्हांस खटकते. साखळी स्पर्धेची पैशाची बाजू जोंवर केवळ पुरुषांसाठीं खुली आहे, तोंवर विशीनंतर खेळावें कीं सोडावें या प्रश्नाचें उत्तर मुलींस पुरुषांइतक्या सहजपणें देतां येणार नाहीं. ज्या बालेवाडीनें पहिला मोसम पाहिला, तेथेंच स्त्रियांचाही पहिला मोसम भरावा अशी मागणी पुणेकरांनीं करणें रास्त होईल.

परंतु मागणीस बळ प्रेक्षकांनीं येतें. आमच्या वाचकांस आमची विनंति इतकीच कीं, जवळच्या क्रीडांगणावर मुलींचे खो-खोचे सामने असतील त्या दिवशीं सहकुटुंब जावें, आजीबाईंसही न्यावें. फुगडींत ज्यांचा दम कधीं तुटला नाहीं त्यांना या खेळाची गोडी लागण्यास वेळ लागणार नाहीं. आणि घरांतील एखादी मुलगी सायंकाळीं बूट चढवितांना दिसली, तर 'लवकर ये' ऐवजीं 'किती जणी बाद केल्यास तें येऊन सांग' असें तिला म्हणावें.